मोरीचं दार

ब्लाउजला पाच हुक असतात. आयुष्यभर लावले, पण कधी मोजले नव्हते. आता रोज सकाळी मोजते. पहिला लागतो, दुसरा लागतो, आणि तिसऱ्यापाशी बोटं माझं ऐकेनाशी होतात. मोरीतल्या ओल्या फरशीवर उभी राहून मी पुन्हा पुन्हा खटपट करते, आणि कान दाराकडे असतात. कुणीतरी आता दार वाजवेल, असं वाटत राहतं.

दार वाजवायची ती मीच. पंचवीस वर्षं झाली, सुरतेच्या गोडादऱ्यातलं हेच घर, हीच मोरी. आत सासूबाई असायच्या. यांना सात वाजता लूमवर पोचायचं, डबा भरायचा, आणि या बाई आत पाऊण पाऊण तास. पन्नाशी नुकती ओलांडलेली, दात शाबूत, जीभ माझ्याहून तिखट. मग कसला एवढा वेळ? मी दारावर मूठ आपटायची. "आत्याबाई, कितला टाइम लागस? तुमना पोरगा उपाशी जाई!" बाहेर यायच्या तेव्हा पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला, अगदी वैशाखातसुद्धा. मला चिडवायला करतात, असं मी धरून चालले होते.

त्या पदराखाली हुक उघडे असायचे. हे मला कळायला माझी स्वतःची बोटं जावी लागली.

एक एक करून सगळंच कळतंय आता. त्या दोन दोन दिवस एकच साडी नेसून राहायच्या, रात्री तीच नेसून झोपायच्या. "वास येतो," असं मी शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले होते. आज मी दुपारनंतर मॅक्सीतच असते. उकडतं फार, असं सांगते, आणि सुरतेत त्यावर कुणी वाद घालत नाही. त्या चहा बशीत ओतून, बशी खालीच ठेवून, वाकून प्यायच्या. मी त्यांची नक्कल करून यांना हसवलं होतं. गेल्या थंडीत घरात कुणी नसताना मीही तशीच वाकले, आणि चहा तसाच ठेवून उठले.

डॉक्टरीणबाईंनी मानेचा फोटो काढायला लावला. नस दबलीय म्हणाल्या, औषधानं वाढ थांबेल, गेलेलं परत येईलच असं नाही. मग विचारलं, "घर में किसी को था?" मी म्हटलं, "सास को." त्या हसल्या. "सास का बहू को थोड़े लगता है!"

त्यांचं चूक नाही. पण आमच्या खिडकीखालची जागा त्यांनी पाहिलेली नाही. एंब्रॉयडरीच्या साड्यांचे गठ्ठे घरी येतात, साडी उलटी करून मागचे सुटे धागे कातरायचे. सासूबाई त्या जागी मान खाली घालून बसायच्या. त्यांचा हात थांबला तेव्हा मी त्यांची कैची उचलली आणि तिथेच बसले. अजूनही कधी कधी मान वर केली की वाटतं, त्या मागे उभ्या आहेत आणि जागा परत मागताहेत. मला भीती वाटते. मेलेल्या माणसाची नाही. त्या जिवंत असताना मी जी होते, तिची.

आणि आखाजी, आमची अक्षय्य तृतीया, आली की तर फारच. खानदेशातून सुरतेला आलो तरी आखाजीला गल्लीत चूल मांडून, खापर उलटं घालून पुरणपोळ्या करायच्या सोडल्या नाहीत. पोळी लाटायची नाही, दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत वाढवायची आणि तापल्या खापरावर टाकायची. सासूबाईंचा यात हातखंडा होता. एका आखाजीला त्यांची पोळी हातातच फाटली आणि राखेत पडली. दुसरीही. सगळ्या बाया बघत होत्या. मी त्यांना खांद्यानं बाजूला सारलं. "सरका! हात शेतस का लाकडं?" बाया हसल्या. मीही हसले. त्या उठल्या, हात पुसले आणि घरात गेल्या. त्यानंतर सात वर्षं जगल्या, पण खापरासमोर कधी बसल्या नाहीत. माझ्या पोळ्यांचं मात्र गल्लीत नाव झालं.

आता आखाजीला पितरांच्या घागरी भरतो तेव्हा एक घागर त्यांची असते, आणि पहिली पोळी तिच्यावर ठेवायची. यंदाही मीच करणार, असा हट्ट धरला. दुसरी कुणी बसली असती तर सगळ्यांना कळलं असतं, आणि मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. सुनेला तर नाहीच.

पोळी मनगटापर्यंत आली आणि फाटली. अर्धी राखेत, अर्धी हातावर लोंबत राहिली. कुणी काही बोलायच्या आत मीच मोठ्यानं म्हणाले, "हात शेतस का लाकडं?" बाया हसल्या. सून हसली नाही. ती सुरतेतच वाढलेली, तिला ही पोळी येत नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती. "मम्मी, रहेवा दो ने," एवढंच म्हणाली. दुसरी पोळी होईना. घागरीवर मी ती अर्धी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीत होते. सुनेला नवाला मार्केटात साड्या पॅक करायला पोचायचं असतं. तिच्या चपलांचा आवाज दारापाशी येऊन थांबला. तिसरा हुक लागेना. मी वाट बघत राहिले. खरं सांगते, तिनं मूठ आपटावी, ओरडावं, असं मला फार वाटत होतं. दार वाजलं नाही.

शेवटी मीच पदर गळ्याभोवती लपेटून कडी काढली. ती खांद्यावर टॉवेल टाकून पाटावर बसली होती. घड्याळात नऊ वाजून गेले होते. ती उठली, माझा पदर बाजूला केला आणि उरलेले तीन हुक लावले. "उद्यापासून कडी लावू नका, मम्मी. मी इथंच असते."

मला हुंदका आला तो थांबेना. तिनं माझी बोटं हातात धरली आणि चोळत राहिली. तिला वाटलं, मी हातांसाठी रडते आहे.