तलावाच्या काठाला कोणता दगड

आमच्या परसात पोहण्यासाठी छोटा तलाव खणायला सुरुवात झाली तेव्हा सगळ्यात आधी जाब विचारला तो मासे घेऊन येणाऱ्या बाईने. टोपली पायरीवर उतरवून, कमरेवर हात ठेवून ती खड्ड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाईनू, दर्यो हाकेर आसा. आणि तुमी परसात तळा बांदतास?"

तिचं काही चुकलं नव्हतं. मालवणच्या या बाजूला आमच्या घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. माझा नवरा तर विजयदुर्गच्या खाडीत वाढलेला. लग्नाआधी मला पाहायला आले तेव्हाही त्यांचे केस ओले होते, हे माझ्या आईने कितीतरी वर्षं लोकांना सांगितलं. कचेरीतली नोकरी संपेपर्यंत आणि त्यानंतरही रोज चारच्या सुमारास ते समुद्रावर जायचे. चहा पिऊन, पंचा खांद्यावर टाकून. पाऊस सोडला तर त्यात खंड नसे.

तो खंड पडला कालवांमुळे. खडकाला चिकटलेली कालवाची शिंपली पायाला लागली, हे त्यांना कळलंच नाही. घरी आले, ओटीवरून चालत आत गेले, खुर्चीत बसले. मी दिवा लावायला बाहेर आले तर लादीवर लाल डाग. मांजराने काही धरून आणलं असेल असं आधी वाटलं. डागांच्या मागोमाग गेले ती त्यांच्या खुर्चीपाशी पोचले. साखर त्यांना बरीच वर्षं होती. डाव्या पायाची जाणीव कमी झाली आहे हे डॉक्टरांनी सांगितलंही होतं. पण सांगितलेलं कानावर असतं, ते डोळ्यांनी पाहिलं की वेगळं वाटतं. ती जखम चिघळत गेली आणि शेवटी पायाची करंगळी काढावी लागली.

जखम भरल्यावर कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की पोहायला हरकत नाही, उलट चांगलंच आहे, पण समुद्रात नाही, खाडीत नाही, आणि अनवाणी तर कुठेच नाही. यांनी मान हलवली. घरी आल्यावर पंचा घडी करून कपाटात ठेवला आणि चार वाजता ओटीवर बसून राहायला लागले. चिडचिड नाही, तक्रार नाही. मी वर्गात तीस वर्षं मुलं सांभाळली आहेत. गप्प बसलेल्या मुलाची मला जास्त काळजी वाटायची. तलावाची कल्पना मुलीची. ती पुण्याला असते. फोनवर म्हणाली, "आई, बाबांना पाण्यापर्यंत नेता येत नसेल तर पाणी घरी आणा ना." मी हसले. पण यांनी फोन माझ्या हातून घेतला आणि किती लांब, किती खोल, असं विचारायला लागले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज तसा ऐकला.

गवंडी आमच्याच वाडीतला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. माघात खणायला घेतलं आणि चैत्र संपता संपता तलाव तयार झाला. आत निळ्या टाईल्स बसल्या, पाणी भरून गळती तपासून झाली. मग एक दिवस तो काठावर उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाईनू, आता भोवती काय घालूचा ता सांगा. आतल्यापेक्षा भायलाच कठीण."

मला वाटलं होतं हे सगळ्यात सोपं काम. फरशी ती फरशी. पण विचार करायला लागले तेव्हा लक्षात आलं की पाण्यात हा माणूस अगदी सुरक्षित आहे. धोका आहे तो पाण्यातून बाहेर टाकलेल्या पहिल्या पावलात. डॉक्टरांनी रबरी बूट घालायला सांगितले होते आणि ते आणलेही होते. पण मला माझा नवरा माहीत होता. घाईत एकदा तरी अनवाणी बाहेर येणारच.

आम्ही सावंतवाडीच्या पुढे, इन्सुलीकडे जाणाऱ्या हायवेला एका दगडाच्या वखारीत गेलो. मालक अदबीने बोलणारा. त्याने थेट काळा चकचकीत ग्रॅनाइट दाखवला. "मॅडम, हॉटेलवाले हाच नेतात. बघा, तोंड दिसतं आहे." तोंड खरंच दिसत होतं. मी चप्पल काढली, पिशवीतल्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि पाय ठेवला. दुसरा पाय उचलायच्या आतच पहिला निसटला. मालकाचं टेबल हाताशी होतं म्हणून वाचले. तो बिचारा घाबरून खुर्ची घेऊन आला. त्यानंतर मात्र तो गंभीर झाला. काळा कडप्पा, काळपट कोटा, खडबडीत टाईल, फिकट रंगाचा सँडस्टोन, एकेकाचा तुकडा त्याने स्वतः गाडीत ठेवून दिला. "घरी नेऊन उन्हात ठेवा, पाणी टाका, आठवडाभर वापरा. मग ठरवा," म्हणाला.

यांचं मत आधीच ठरलेलं होतं. परत येताना गाडीत म्हणाले, "ह्या सगळ्या कित्याक? आपलो चिरो घालूया. घर चिऱ्याचा, गडगो चिऱ्याचो. पायाक सवय आसा."

चिरा म्हणजे जांभा दगड, आमचं घर आणि कुंपणाची भिंतही त्याचीच, आणि मलाही त्याची ओढ होतीच. तांबूस, भोकाभोकांचा, उन्हात फारसा न तापणारा. गवंड्याला विचारलं तर त्याने लगेच नकारार्थी मान हलवली. "उन्हात बरो. पण सगळा पाणी पितलो. पावसात शेवाळ धरतलो, आणि तांबडी माती तळ्यात जातली. काकांचो पाय सरकलो तर मगे माका बोल लावशात." मला आमच्या विहिरीच्या पायऱ्या आठवल्या. श्रावणात त्या पायऱ्यांवरून मी स्वतः दोनदा बसत उतरले आहे. चिरा बाद झाला. यांना ते लागलं. दोन दिवस तलावाकडे फिरकले नाहीत.

मी मात्र वखारीतले तुकडे परसात ओळीने मांडले. वैशाख सुरू झाला होता. दुपारी बाराला, मग दोनला, मग चारला मी अनवाणी एकेका तुकड्यावर उभी राहायची आणि किती वेळ उभं राहवतं ते बघायची. शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "बाई, नवस बोललात काय?" कडप्प्यावर दोनला पाय टेकवताच येत नव्हता. कोट्यावर जेमतेम. खडबडीत टाईल बरी होती, पण तिच्या खाचांत माती बसायची. फिकट सँडस्टोनवर मी उभी राहू शकत होते. पाय भाजल्यासारखा व्हायचा, पण सहन होईल इतका. ओला केला तरी घसरत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी गवंडी माप घ्यायला आला. मी त्याच्याशी बोलत विहिरीपाशी उभी होते. तेवढ्यात हे घरातून बाहेर आले. रुसवा गेला होता बहुतेक. चपला पायरीवर काढल्या, तुकड्यांच्या ओळीपाशी गेले आणि त्यातल्या एकावर उभे राहिले. तिथूनच गवंड्याशी बोलायला लागले, शिडी कुठे लावायची, पाणी सोडायचा पाईप कुठून काढायचा. हातवारे करत, छान रंगून. मला इतकं बरं वाटलं की मी नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

मग ते म्हणाले, "ह्यो बघ गो, ह्यो बरो आसा. थंडगार. ह्योच घालूया."

मी खाली पाहिलं. ते कडप्प्यावर उभे होते. दोन्ही पायांनी.

"पाय काढा," मी ओरडले. "आदी पाय काढा!"

त्यांना कळेना मी का ओरडते आहे. गवंड्याला कळलं. तो धावला, त्यांच्या काखांत हात घालून त्यांना अक्षरशः उचलून मातीवर आणलं. खुर्चीत बसवून आम्ही पाय पाण्यात धरले. डाव्या तळव्याला फोड येणार हे दिसतच होतं. पण उजवाही तसाच लालबुंद झाला होता. उजव्या पायाला काही झालेलं नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. डॉक्टर, मुलगी, मी. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली.

गवंडी रिक्षा आणायला गेला. मी पाय पाण्यात धरून बसले होते.

"उजवोय बधीर झालो," ते हळूच म्हणाले.

"कदी?"

"दिवाळीच्या आदी. थोडा थोडा."

"आणि माका सांगलात नाय?"

त्यांनी पाण्यातल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "सांगलंय असतंय तर तळा झाला नसता. तू माका पाण्यात जावक दिला नसतंस."

मला राग आला. खरं सांगायचं तर इतका राग मला त्यांचा आयुष्यात कधी आला नव्हता. पण ते म्हणत होते ते खरं होतं. मी दिलं नसतं. मी खड्डा खणूच दिला नसता आणि ते ओटीवर बसून राहिले असते. सहा महिने हा माणूस पाय कुठे पडतो ते डोळ्यांनी बघत घरभर चालला होता आणि मला वाटत होतं वयामुळे सावकाश चालतात. रिक्षात बसेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. रिक्षात त्यांचा हात धरला.

पाय बरे व्हायला पाऊस संपला. त्या काळात तलाव हिरवा होऊन गेला, त्यात बेडूक झाले. मुलगी येऊन पंधरा दिवस राहिली आणि वडिलांवर माझ्यापेक्षा जास्त रागावली. मासेवाली बाई मात्र रोज खिडकीपाशी येऊन त्यांच्याशी समुद्राच्या गोष्टी करायची, कुणाच्या जाळ्याला काय लागलं, कुठली होडी आली. तलावावरून तिने पुन्हा टोमणा मारला नाही.

मला वाटत होतं तलावाचा विषय आता संपला. गणपतीनंतर गवंडी आपणहून आला. ओटीवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "बाईनू, मी इचार केलंय. फिकट दगडच घालूया. पण पाण्याच्या कडेक हातभर काळो कोटो घालतंय, सगळीकडसून. काकांका पायान कळत नाय, तर डोळ्यांक तरी दिसाक व्हया, काठ खंय सरता ता."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतके दिवस मी पायाला काय सोसेल याचाच विचार करत होते. माझ्या पायाला. ज्याच्यासाठी दगड निवडायचा त्याचे पाय काही सांगतच नव्हते. माझा नवरा चालत होता डोळ्यांवर, आणि फिकट दगड, फिकट निळं पाणी, वर ऊन, यात काठ कुठे संपतो हे त्याला दिसलंच नसतं. हे मला, रोज त्याच्या शेजारी बसणारीला सुचलं नाही. दुपारी एकदा त्याला उचलून मातीवर ठेवणाऱ्याला सुचलं.

आतून हे म्हणाले, "बरोबर सांगता तो." ते ऐकत होते.

"बरोबर आसा," मी म्हटलं, "पण माझीय अट आसा. सकाळी पोहायचा. चारची सवय सोडायची. दगड दिवसभर तापतत."

मग आतून आवाज आला, "बरां."

दसऱ्यानंतर काम झालं. दगड पॉलिश न करता, तसाच खरखरीत ठेवला. सांधे अरुंद, बोट अडकणार नाही असे. पाणी तलावाकडे न जाता बाहेर वाहावं म्हणून गवंड्याने हलका उतार दिला. शिडीपासून घराच्या पायरीपर्यंत एक दांडी बसवली, जिला हे सुरुवातीला 'आजाऱ्याची दांडी' म्हणायचे आणि आता जिच्यावर पंचा वाळत घालतात. हा दगड काही सर्वगुणसंपन्न नाही. त्यावर डाग लवकर पडतात, आणि पुढच्या पावसात माडाच्या सावलीतल्या कोपऱ्यात शेवाळ धरलंच. तो कोपरा मी आठवड्यातून दोनदा काथ्याने घासते. जांभ्याचं तांबडेपण काठाला शोभलं असतं, याचं वाईट मला अजून वाटतं.

पहिल्या सकाळी ते बूट घालून काठापर्यंत आले. काळ्या पट्ट्याशी थांबले, शिडी धरली, उतरले. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी सवयीने म्हणाले, "जपून." त्यांनी ऐकलं नाही. एका दमात पलीकडे गेले, वळले आणि परत आले. तलाव त्यांच्यासाठी इतका लहान आहे की वळण्यातच अर्धा वेळ जातो. समुद्राची सर त्याला नाही, हे तेही जाणतात. पण बाहेर आले तेव्हा दम लागला होता आणि ते हसत होते.

आता रोज पोहून झालं की ते ओटीवर बसतात आणि मी चष्मा लावून त्यांचे तळवे बघते. बोटांच्या मधे, टाचेपाशी, कुठे खरचटलं आहे का. आधी त्यांना ते आवडायचं नाही. पेपर तोंडासमोर धरायचे. मीही विचारायचं सोडून दिलं होतं, नुसती बघायची.

गेल्या महिन्यात मी असाच त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला होता. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"आयक," म्हणाले. "घोट्याच्या वर चार बोटा. आता थंयपर्यंत बधीर झाला. काल आंघोळीक कळला."

मी घोट्याच्या वर बोट ठेवलं. "हय?"

"हय नाय. जरा वर."

मी बोट वर सरकवलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी आत जाऊन डॉक्टरांना फोन लावला.