कारभाऱ्याचे पॉइंट अन् माझा पंप

आमच्या मालकाचं नाव कारभारी. आमच्याकडं कोणच्या बी नवऱ्याला कारभारीच म्हणतेत, म्हणून नवऱ्याचं नाव घ्यायची न्हाई ही अडचण मला कधी आली न्हाई. अन् आता तर मी नाव घेऊनच सांगणार हाय. कोणाला काय वाटायचं ते वाटू द्या.

तीर्थपुरीत ह्या माणसाला 'पॉइंटवाले' म्हणतेत. आधी नवीन जालन्याला एका बियाण्याच्या ऑफिसात शिपाई होता. तिथंच कुण्या हॉलमधी तळपायाचे पॉइंट शिकवायचं शिबिर झालं, हा त्यात जाऊन बसला, अन् आला तो डॉक्टर होऊनच आला. नोकरी सोडली. ओसरीच्या भिंतीला दोन तळव्यांचं चित्र लावलं. त्यात कुठं किडनी, कुठं मेंदू, अन् बोटांच्या खालच्या गादीवर निळ्या रंगाची फुप्फुसं. लाकडी काडी घ्यायची अन् तिथं दाबत राह्यचं. "नस मोकळी झाली की दमा आपोआप जातो," हे ह्याचं पाठ केलेलं वाक्य.

खोटं कशाला बोलू, दाबल्यावर पायाला बरं वाटतं. दिवसभर रानात वाकलेल्या बाईचे पाय कोणी दाबून दिले तर झोप लागेलच की. पण पाय हलका होणं येगळं अन् छाती मोकळी होणं येगळं. मला लग्नाच्या आधीपासून दमा हाय. जालन्याच्या डॉक्टरनी फोड करून सांगितल्तं, छातीत श्वासाच्या बारीक नळ्या असतेत, त्या आवळल्या की हवा आतच अडकती. धाप लागली की हा निळा पंप तोंडात धरून ओढायचा, मंग त्या नळ्या ढिल्या होतेत. आमच्याकडं सगळे त्याला पंपच म्हणतेत.

पण पॉइंटवाल्याच्या घरात पंप! कारभाऱ्याची इज्जतच गेली ना. "लोक काय म्हणतील? घरच्या बाईला बरं करता येईना अन् गावाचे पाय दाबून राह्यला म्हणतील. अन् पंपाची सवय लागती. सोड तो."

सवय! म्हणलं, श्वास घ्यायची बी सवयच हाय मला, जन्मल्यापासून. ती बी सोडू का? तर हा तोंड फुगवून बसला. शेवटी रोजची कटकट नको म्हणून मी पंप पिठाच्या डब्यामागं ठेवायला लागले.

अन् एक गंमत ऐका. गावातल्या बायामाणसांचे पाय मांडीवर घेणारा हा बहाद्दर, माझ्या पायाला त्यानं कधी हात लावला न्हाई. बायकोचे पाय धरले तर गडी हसतील म्हणे.

भादव्यातली गोष्ट. ओसरीवर पेशंट बसलेले. गिरिजाबाई होती, म्हातारी, तिला बी दमा. तिनं पंप सोडला म्हणून कारभारी सगळ्यायला तिचंच नाव सांगायचा. गुडघे दुखतेत म्हणून आमच्या शेजारचा भिवा आल्ता. त्या दिवशी कारभाऱ्यानं नवीन टूम काढली, धूप पेटवला. वातावरण शुद्ध व्हावं म्हणून! मी चहा घेऊन बाहीर आले अन् त्या धुरात सापडले. छाती आवळली. कशीबशी आत गेले, डब्यामागं हात घातला, पंप न्हाई. सगळी मांडणी खाली-वर केली. न्हाईच.

उंबऱ्याला धरून बाहीर आले. "अहो, पंप... पंप कुठंय?"

सगळ्या ओसरीनं वर पाह्यलं. अन् ह्या मेल्यानं काय करावं? हसून लोकायला म्हणला, "फवारणीचा पंप मागून राह्यली. कपाशीवर मावा लई पडलाय ना, तिला तोच घोर."

मी मरून राह्यले अन् ह्याला मावा सुचला! भिवा भोळा बिचारा. दुखऱ्या गुडघ्यानं उठला, गोठ्यात गेला अन् फवारणीचा पंप पाठीवर घेऊन आला. "वहिनी, औषध कोणतं टाकू?" मला हसू बी येईना, रडू बी येईना. दोन्हीला श्वास लागतो.

मी तिथंच खाली बसले. ओठ निळे पडल्ते, असं मागून गिरिजाबाईनं सांगितलं. तेव्हा कारभारी घाबरला, अन् त्यानं माझे पाय धरले. इतक्या वर्षांत पह्यल्यांदा. काडी घेऊन फुप्फुसाचा पॉइंट असा दाबला की कळ डोक्यात गेली. मी मान हलवून पंप, पंप करून राह्यले अन् हा म्हणतोय, "दम धर, दम धर." अरे, दमच तर धरता येत नव्हता मला!

तेवढ्यात गिरिजाबाई माझ्यामागं येऊन बसली. पदर आडवा धरला, कमरेची पानसुपारीची चंची सोडली, त्यातून निळा पंप काढून माझ्या तोंडाला लावला. "ओढ, माय." ओढला. परत ओढला. पदराच्या आत आम्ही दोघी, अन् बाहीर हा तळवा दाबून राह्यला. हळूहळू श्वास सुटला.

तसा हा घाम पुसत उभा राह्यला. "पाह्यलं? लागला पॉइंट!"

लोकायनी माना डोलावल्या. गिरिजाबाईनं चंचीची गाठ मारली अन् गप बसली. तिचा तरी काय दोष? तिचा लेक कल्याण कारभाऱ्याचा पक्का भगत. घरात पंप दिसला तर त्यानं तिला खाल्लं असतं.

दुसऱ्या दिवशी धुणं धुताना माझा पंप सापडला. कारभाऱ्याच्या कालच्या सदऱ्याच्या खिशात. माझे पाय धरून बसल्ता तेव्हा तो पंप ह्याच्या छातीवरच होता. मी तो सदरा बटनं तुटेस्तोवर दगडावर आपटला. मंग वला सदरा तसाच त्याच्या पुढ्यात नेऊन टाकला.

"खिशात होता ना?"

मान खाली घालून म्हणला, "इतक्या लोकांत कसा काढू?"

त्यानंतर मी त्याच्याशी बोललेच न्हाई. खंडेनवमीची वाट पाहून राह्यले. त्या दिवशी आमच्याकडं सगळी अवजारं धुऊन मांडतेत, त्यायला हळदकुकू लावतेत. विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, अन् मधोमध कारभाऱ्याची काडी, झेंडू वाहून. ओसरीवर सगळे पेशंट जमल्ते, कल्याण बी आईला घेऊन आल्ता. मी आतून आले, माझा निळा पंप काडीला चिकटून ठेवला अन् कुकू लावलं.

कारभारी दातओठ खात म्हणला, "उचल तो. लोक पाहून राह्यले."

"पंपच हाय की!" मी मोठ्यानं म्हणलं. "भादव्यात मी मागत होते ना, तो हाच. मी मरून राह्यले तेव्हा तुमच्या खिशात होता."

मंग गिरिजाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. चंची सोडली अन् आपला पंप माझ्या पंपाजवळ ठेवला. लेकाकडं तिनं पाह्यलं बी न्हाई.

"पुष्पे," ती म्हणली, "माझ्या पंपाला बी लाव कुकू."