वन्सं आणि अकरा मिनिटं

माझं आणि वन्संचं कधी पटलं नाही. बारा वर्षं एका छपराखाली राहून आम्ही दोघींनी हे नेटाने सिद्ध केलं आहे. यजमान गेले त्या वर्षी त्यांची ही धाकटी, बिनलग्नाची बहीण दोन ट्रंका आणि एक स्टॉपवॉच घेऊन आली. ट्रंका माळ्यावर गेल्या, स्टॉपवॉच जेवणाच्या टेबलावर राहिलं. माझ्या चहाला किती वेळ लागतो हे मला त्यावरूनच कळतं.

वन्सं सरकारी खरेदी खात्याच्या तपासणी खोलीत आहेत. त्यांच्याकडे कुलूपबंद पेन ड्राइव्ह येतात. आत टाकलेलं सगळं सांकेतिक होऊन बसतं, पासवर्डशिवाय कुणाला वाचता येत नाही. हे व्हायला वेळ किती लागतो, ते वन्सं मोजतात. पडद्यावर ‘पूर्ण’ असं आलं तरी त्या घड्याळ थांबवत नाहीत. ड्राइव्हवरचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला, की मगच.

“पडदा खोटं बोलतो,” त्या म्हणतात. “संगणक फाइल स्वतःच्या पोटात ठेवतो आणि ‘दिली’ म्हणून मोकळा होतो.” हे सांगताना बघतात माझ्याकडे.

त्यांची दुसरी खोड म्हणजे आकडे पेन्सिलीने लिहायचे, शनिवारी पेन्सिल खोडून शाईने उतरवायचे आणि तारीखही शनिवारचीच घालायची.

“रोजच्या रोज शाईने लिहायला काय धाड भरते?” मी एकदा विचारलं होतं.

“शाईने लिहा म्हणून तुम्हाला कॉन्व्हेंटात नन्सनी छड्या मारल्या असतील, वहिनी. मला नाही.”

गेल्या महिन्यात रुग्णालयांसाठी तीन हजार ड्राइव्ह घ्यायचे होते. आठ जीबीची फाइल दीड मिनिटात जाते, असा पुरवठादाराचा दावा. मंगळवारी वन्संनी मोजलं, तर पडद्यावर दीड मिनिट आणि दिव्यावर अकरा. गुरुवारी पुरवठादाराने नमुने परत नेले आणि तक्रार ठोकली, की या बाई मुद्दाम अडवतात. शनिवारी वन्संनी सवयीने पेन्सिल खोडली. सोमवारी चौकशी लागली. आकडे तक्रारीनंतर सूड म्हणून लिहिले, असा ठपका. निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना नोकरी जायची वेळ.

त्या संध्याकाळी वन्सं जेवल्या नाहीत. “म्हणा की, बरं झालं.”

“म्हणणारच होते,” मी म्हटलं.

पण मला मंगळवार आठवला. नन्सच्या त्या छड्यांपासून, म्हणजे अकराव्या वर्षापासून, मी रोज वहीत एक पान लिहिते. ते पान काढलं. ‘वन्संनी जेवताना डोकं उठवलं. पडद्यावर दीड मिनिट, दिवा अकरा मिनिटं, पुरवठादार चोर. यांच्या जिभेला दिवा नाही, कधी थांबणार कळत नाही.’

चौकशीत एक पान फाडून देऊन भागणार नव्हतं; सुटं पान कधीही लिहिता येतं. वही अख्खी द्यायला हवी होती, आणि तिच्यात जानेवारीपासून वन्संबद्दल एक बरा शब्द नव्हता. सकाळी वही त्यांच्यापुढे टाकली. त्यांनी उभ्यानेच वाचली. भिंतीवरच्या घड्याळात चाळीस मिनिटं गेली.

“फेब्रुवारीत लिहिलंय, ‘हे गेले आणि या राहिल्या.’”

“हो.”

“निदान ते तरी खोडायचंत.”

“मी शाईने लिहिते.”

त्यांनी वही मिटली आणि स्वतःच्या पिशवीत घातली.

चौकशीला मलाही बोलावलं. साहेबांनी मंगळवारचं पान मोठ्याने वाचलं. जिभेचं वाक्य आलं तेव्हा कोपऱ्यातला कारकून खोकला. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या.

“तुम्ही यांच्या भावजय,” साहेब म्हणाले. “यांना वाचवायला हे मागाहून लिहिलं नाही कशावरून?”

“मागचीपुढची पानं वाचा.”

त्यांनी चार पानं वाचली, चष्मा काढला. “नाही. वाचवायची इच्छा कुठे दिसत नाही.”

नोकरी राहिली. पुरवठादाराला नवे नमुने आणायला सांगितलं. बसमध्ये आम्ही पुढच्या-मागच्या बाकांवर बसून घरी आलो. कोणी कोणाचे आभार मानले नाहीत.

हल्ली वन्संच्या बोटाला शनिवारखेरीज इतर दिवशीही शाई दिसते. काल माझ्या चहाला सहा मिनिटं वीस सेकंद लागले. म्हणे.