बंद कूलरचा उन्हाळा

रशियातल्या अणुवीज केंद्रात स्फोट झाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, तेव्हा मला सातवा महिना सुरू होता. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवायची, म्हणून बातमी दोनदा वाचली आणि मनातल्या मनात नकाशा उलगडून तिथून इथवरचं अंतर बघितलं. तिथल्या माणसांसाठी जीव कळवळला. आपण भ्यावं असं मला तरी त्यात काही दिसलं नाही.

पण आमच्या घरात वर्तमानपत्राचा अर्थ माझे मोठे दीर, भाऊजी, लावत. ते वकील, बोलण्यात पटाईत, शहरातल्या एका नागरिक समितीचे वक्ते. आमच्याकडे सुनेनं भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, समोरासमोर बोलायची पद्धत नव्हती. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंना सांगत, मी तिथेच पोळ्या वाढत असले तरी. त्या दिवशीही ते जेवता जेवता म्हणाले, "आई, हिले बाहेर जाऊ देऊ नको. हवेतून किरण पसरून राहिले. पोटातल्या लेकराले सगळ्यात आधी बाधते."

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या खिडक्या बंद झाल्या. फटींमध्ये जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या गेल्या. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की कूलर बाहेरची हवा आत ओढतो. कूलर बंद झाला.

नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच ठाऊक. दुपारी भिंतीला पाठ टेकवता यायची नाही. मी फरशीवर ओलं फडकं टाकून त्यावर पाय ठेवून बसायची.

मी यांना समजावलं. "अहो, इतक्या लांबून येता येता ते किरणोत्सारी द्रव्य किती विरळ होत असेल? त्यातलं बरंचसं आठवड्याभरात निम्मं होतं, पुढच्या आठवड्यात त्याच्याही निम्मं. आणि हवा काय खिडकीनंच येते? तुम्ही दार उघडून आत आलात तेव्हा नाही आली?"

हे टेलिफोन खात्यात होते. स्वभाव मऊ. म्हणाले, "मले पटते वं. पण दादाले कोन सांगंन? थोडे दिवस काढ."

सासूबाईंनी त्यांच्या गरोदरपणांत सगळी ग्रहणं अंधाऱ्या खोलीत काढली होती. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच विचारलं, "गिरहन तं दोन-तीन घंट्यात सुटते. हे कवा सुटनार हाय?"

"आई, हे आपल्याला लागलंच नाही."

"मंग मोठा काहून म्हनते?" असं म्हणून त्यांनी निसटलेली चिंधी पुन्हा फटीत दाबली.

तिसऱ्या आठवड्यात समितीनं परिसंवाद ठेवला, 'अणुवीज हवी की नको'. भाऊजी बोलणार म्हणून सगळं घर निघालं. त्या दिवशी मला बाहेर न्यायला कोणाची हरकत नव्हती. पदर नाकाला लावायला सांगून मला रिक्षात बसवलं. कितीतरी दिवसांनी वारं लागलं, गरम का होईना, आणि मला रडू आलं.

सभागृह भरलं होतं. आधी एक निवृत्त इंजिनिअर बोलले. त्यांनी सांगितलं की आपल्या केंद्रांतून एक कणही बाहेर पडत नाही, पडूच शकत नाही, आणि भितात ते अडाणी. एक कणही बाहेर सोडत नाही असं कुठलंही यंत्र नसतं, हे मी नववीच्या मुलांना शिकवत होते. मग भाऊजी उठले. किरणांचा एक थेंब पिढ्या बरबाद करतो म्हणाले. पुढे हात माझ्या दिशेला करून म्हणाले, "माझ्याच घरात एक गर्भवती स्त्री आहे. हजारो मैलांवरच्या त्या राक्षसानं तिला खोलीत कोंडलं आहे!"

टाळ्या पडल्या. लोक माना वळवून माझं पोट बघायला लागले.

मी कशी उठले ते मला कळलं नाही. खुर्चीची पाठ धरून म्हटलं, "मला दोघांनाही विचारायचं आहे. किती? इथं नागपुरात किती आलं? आमच्या अंगात, मातीत, दगडात थोडं मुळातच असतं. एक्स-रे काढतानाही मिळतं. त्याच्या तुलनेत हे किती? आणि आपल्या केंद्रांतून एक कणही बाहेर पडत नाही, हे कोणी मोजलं? ते आकडे आम्हाला का दाखवत नाहीत?"

इंजिनिअर हसले. "ताई, हा तांत्रिक विषय आहे. तुम्ही तब्येतीला जपा."

भाऊजी माझ्याकडे बघत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच ते थेट माझ्याशी बोलले, आणि तेही माइकवरून. "बसून घे."

मी बसले. खरं सांगायचं तर माझ्याजवळही आकडा नव्हता. अंदाज होता, आणि तो बरोबर असणार याची खात्री होती. पण मोजमाप कोणाजवळ मागायचं तेच मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर माझ्या खोलीचं दार सासूबाईंनी बाहेरून नुसतं लोटलं.

नवतपा लागला तशी मी खायचं टाकलं. त्या नऊ दिवसांत बाहेरची कुत्रीसुद्धा नालीत पडून असतात. एका दुपारी पाणी प्यायला उठले आणि माठापाशी कोसळले. यांनी ऑफिसातून धावत येऊन मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, पोटावर नळी ठेवून बराच वेळ ठोके ऐकले, मग यांच्यावर कडाडल्या. "हिला काय भट्टीत ठेवलं होतं? लू लागून माणसं मरतात इथं दरवर्षी, ठाऊक नाही तुम्हाला?"

त्या संध्याकाळी कूलर सुरू झाला. तो यांनी स्वतः जाऊन सुरू केला, मोठ्या भावाला न विचारता. भाऊजी ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मुलगी झाली, चांगली धट्टीकट्टी. बारशाला अंगणात ताडपत्रीचा मंडप घातला होता. भाऊजी पाहुण्यांना सांगत होते, "आम्ही वेळीच खिडक्या बंद केल्या म्हणून लेकरू सुखरूप हाय." ते इंजिनिअर आमच्या सासऱ्यांचे जुने स्नेही निघाले, तेही आले होते. त्यांनी पोरीच्या हातावर रुपया ठेवला आणि मला म्हणाले, "बघा, झालं काही? मी म्हटलंच होतं, काहीही होत नाही."

एकाच लेकरानं दोघांचंही म्हणणं सिद्ध केलं होतं. खिडक्या उघड्या असत्या तरी ती अशीच जन्मली असती, हे मी कशानं दाखवणार होते? आणि ती सुखरूप जन्मली म्हणून कुठलंच केंद्र निर्धोक ठरत नाही, हे तरी त्यांना कोण सांगणार?

मी भाऊजींना म्हटलं, "खिडक्यांनी नाही झालं ते."

सासूबाईंनी माझा पदर ओढला. भाऊजींनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मंग सांग," ते म्हणाले, "कशानं?"

मी सांगायला सुरुवात केली. त्यांना पटलं नाही. पुढेही कधी पटलं नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात भासरे आणि धाकटी सून समोरासमोर भांडू लागले, आणि पोळ्या वाढताना मला माझं उत्तर गिळावं लागलं नाही.