पुसट फिल्म आणि कोरी पट्टी

खंडेनवमीला सकाळी दहाच्या आत सगळी यंत्रे बंद करून, पुसून पूजेला तयार ठेवायची, हा आमच्या पिंपरीच्या कारखान्यातला नियम कोणी लिहिलेला नव्हता आणि कोणी मोडतही नसे. त्या वर्षी पूजा चुकू नये म्हणून एक्स-रे विभागाच्या वयस्क ऑपरेटरकाकांनी पंपाच्या शेवटच्या कास्टिंगचा, म्हणजे बिडाच्या ओतीव भागाचा, एक्स-रे निम्म्या वेळात उरकला. दसऱ्यानंतर फिल्म धुतली, तेव्हा तिच्यावर धुक्याइतकीच आकृती होती. आणि कास्टिंग तोवर, फिल्म पाहण्याआधीच, तळेगावच्या गिऱ्हाइकाकडे पोहोचले होते.

मी प्रयोगशाळेतली एकुलती रसायनशास्त्रज्ञ. पुसट फिल्म गडद करणारे एक द्रावण मी वर्षभर जमवत होते. फिल्मवर चांदीचे जे विरळ कण असतात त्यांच्यावरच ते थर चढवते, नसलेले काही दाखवत नाही, असा माझा दावा होता. फिल्म त्यात बुडवली. थोड्या वेळाने बोल्टची भोके स्पष्ट झाली आणि त्यांच्यामध्ये दोन काळ्या रेषा, भेगा दिसतात तशा.

कारखान्याच्या साहेबांनी फिल्म दिव्यासमोर बराच वेळ धरली.

"बाई, या भेगा बिडात आहेत की तुमच्या औषधात?"

प्रश्न झोंबला, पण रास्त होता. कास्टिंग परत मागवून कापा, मी म्हटले. काहीच निघाले नाही तर द्रावण मी स्वतः मोरीत ओतीन.

कास्टिंग आले. दोन्ही रेषांवर करवत चालली. पहिल्या जागी भेग होती, नख अडकेल इतकी. दुसऱ्या जागी भरीव बीड.

साहेबांना पहिली भेग पुरेशी होती. मला दुसरी रेष सोडेना. आठवड्याने कारण सापडले: फिल्मवरचे आधीचे रसायन नीट न धुतल्याने उरलेला तो ओघळ होता. म्हणजे माझे द्रावण नसलेलेही दाखवू शकत होते. तेव्हापासून प्रत्येक फिल्मबरोबर फिल्मचीच एक कोरी पट्टी त्याच पाण्यात धुवायची, त्याच द्रावणात बुडवायची. तिच्यावर रेष उमटली तर निकाल द्यायचा नाही. पद्धत मंजूर झाली, तेव्हा ही अट मी सर्वांत वर लिहिली.

पुढच्या खंडेनवमीला सगळे एक्स-रे आदल्या दिवशीच पुरे झाले होते. तेच ऑपरेटरकाका हळद-कुंकू घेऊन डार्करूमच्या दारात थांबले.

"ताई, कुठं लावू? आतल्या कामाला धक्का लागाया नको."

बाहेरून लावा, मी सांगितले. त्यांनी द्रावणाच्या ट्रेच्या बाहेरच्या कडेला बोट टेकवले. मग कोऱ्या पट्ट्यांच्या डब्यालाही.