साठ नावांनंतर अडणारी लग्नपत्रिका

मंडळी, पाचोऱ्यातल्या माझ्या लग्नपत्रिकेच्या दुकानात आज दिवाळी आहे!

आपल्याकडे पत्रिकेत अख्खी भावकी छापावी लागते. एक नाव राहिलं, तर तो माणूस मांडवात पाय ठेवत नाही. आणि माझं सॉफ्टवेअर साठ नावांनंतर बंद पडायचं. सहा वर्षं कंपनीला फोन केले. उत्तर एकच, "नावं कमी करा." कुणाचं करू? नवरीच्या काकाचं? पण या कामाचं दुसरं सॉफ्टवेअरच नव्हतं, जाणार कुठे!

आज सकाळी एका नव्या कंपनीचा माणूस डेमो द्यायला आला. मी जुन्या कंपनीला तेवढंच कळवलं. तासाभरात त्यांचाच फोन, "युसुफभाई, अपडेट टाकलंय. हवी तेवढी नावं घाला."

म्हणजे होत होतं तर!

मुलीच्या पत्रिकेसाठी बसलेले नाना खुलले, "मंग आते बठ्ठासना नाव टाक भाऊ!" सगळ्यांची मिळून एकशे चौदा नावं टाकली. कुठे अडलं नाही.

गंमत म्हणजे, नवं सॉफ्टवेअर मी अजून घेतलेलंच नाही. तो माणूस नुसता खुर्चीत बसून चहा पीत होता.

तुम्हालाही कुणी "नावं कमी करा" म्हणतंय का? मग दुकानात अजून एक खुर्ची ठेवा!