मेंढराची हाक मारून दाखव

१८ जानेवारी, रविवार. कुंडलच्या बंगल्यात मी उसाचे करवे करत बसले होते. वहिनीसाहेबांच्या नातवाचं बोरन्हाण होतं. मी तिथं स्वयंपाकाला. बोरं, चुरमुरे, हलवा परातीत काढून झाला होता, ऊस तेवढा सोलायचा राहिला होता. शेजारी माझी नात रेश्मा, चार वर्षांची. तिनं परातीतलं एक बोर उचललं.

"तिला आधी बाजूला कर," वहिनीसाहेब म्हणाल्या. "लाळ गळती तिची. पोरांनी खायचं हाय ते."

त्यांचा नातू मांडीवर होता, हलव्याचे दागिने घातलेला. त्याच्याही हनुवटीवरून लाळ ओघळत होती. त्या लाळेचं मात्र कौतुक, दाढा येताहेत म्हणून. लाळेलाही सातबारा लागतो.

रेश्माचं तोंड जन्मापासून सैल. ओठ मिटत नाहीत, घास चावता येत नाही, शब्द जिभेवरच विरतो. कराडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तोंडालाही व्यायाम लागतो, पण तो खेळातून द्या. मग घरी खेळ सुरू झाले. वरच्या ओठाला काकवी लावायची, तिनं जिभेनं चाटायची. ताक नळीनं ओढायचं. लोकरीचा बोळा फुंकत उंबऱ्यापर्यंत न्यायचा. यात हरला की तिचा आजा लहान पोरासारखा चिडायचा. त्याची हाक तिला सगळ्यात प्रिय. आम्ही धनगर, पूर्वेच्या माळावरचे. मेंढरं वळवताना तो ओठ थरथरवून 'ब्रर्र' करतो. रेश्माला ते जमलं त्या दिवशी आजा म्हणाला, "आता कळप हिच्या ताब्यात."

बंगल्याच्या स्वयंपाकघरात तिला ते करताना वहिनीसाहेबांनी एकदा पाहिलं होतं. बोरन्हाण उरकलं, जमलेल्या बायका कंटाळल्या, तेव्हा त्यांना ते आठवलं.

"ये गं रेश्मा. ती मेंढराची हाक मारून दाखव."

तिला वाटलं, खेळ. तिनं ओठ पुढे काढले. ब्रर्र. थुंकी उडाली. बायकांनी पदर नाकाला लावले. वहिनीसाहेबांच्या सांगलीहून आलेल्या जाऊबाईंनी मोबाईल काढला. "परत कर, परत कर."

तिनं परत केलं.

"शाळेचा खर्च वाचला," कुणीतरी म्हणालं. "राखायला मेंढरं हायतच."

सगळ्या हसल्या. रेश्मानं एकेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी कोथिंबीर चिरत होते ती विळी आडवी केली.

"मोबाईलमधलं ते पुसा."

"आगं, गंमत केली," वहिनीसाहेब म्हणाल्या. "पोरगी हसत हुती की."

"हसत हुती. आता बघा तिच्याकडं."

कुणी बघितलं नाही. जाऊबाईंनी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि बोर खाल्लं. शिकलेल्या बायका. अंगभर सोनं, आणि करमणुकीला चार वर्षांचं पोर लागतं.

रेश्माला कडेवर घेऊन निघाले. मागून आवाज आला, "आन् आमटीला फोडणी कोण देणार?"

तेवढीच काळजी.

घरी तिनं घास घेतला नाही. मी काकवीचं बोट पुढे केलं, तर तिनं ओठ आवळून धरले. गच्च. ते मिटावेत म्हणून आम्ही वर्षभर खेळत होतो. बंगल्यानं एका दुपारीत मिटवून दाखवले.

"सोड," आजा म्हणाला. "मोठी माणसं हायत. उद्या जा कामाला."

"मोठी कशानं?"

तो उठून मेंढरांकडे गेला.

आजवर आम्ही दार लावून खेळायचो. कुणी बघेल, हसेल म्हणून. म्हणजे लाज आम्हीच राखत होतो, आणि राखत कुणासाठी होतो, तर त्या दिवाणखान्यासाठी. मनाशी ठरवून टाकलं. हिचं तोंड हलेल ते उजेडात, रस्त्यावर, चारचौघांत. ज्याला हसायचंय त्यानं आधी माझ्या तोंडाला हसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्माला घेऊन चौकातल्या कट्ट्यावर बसले. उसाचे ट्रॅक्टर जात होते, दूध घालायला आलेली माणसं थांबून बघत होती. ती ओठ मिटून बसलेली. मी गाल फुगवले. फोडले. जीभ बाहेर काढून नाकाच्या शेंड्याकडे नेली. अख्ख्या चौकासमोर, पन्नाशीची बाई.

बंगल्याची गाडी आली, थांबली. काच खाली झाली.

"कामाला येणार हायस का न्हाई?" वहिनीसाहेबांनी विचारलं.

मी जीभ आत घेतली. "न्हाई," म्हटलं. आणि परत बाहेर काढली.